मंडळाच्या शिबिरात रक्त देऊन एचआयव्हीची तपासणी उरकू का?

पत्र : मी २४ वर्षांचा, मुंबईत बैठ्या चाळीत राहतो. नाक्यावर आमचा दहा-बारा जणांचा ग्रुप आहे, शाळेपासूनचा. पाच आठवड्यांपूर्वी सहलीला गेलो होतो तेव्हा आम्ही तिघं एकाच बाईकडे गेलो. खिशात कंडोम होता, पण बाकीचे ‘फट्टू’ म्हणून हसतील म्हणून काढलाच नाही. तेव्हापासून झोप उडाली आहे. जवळच्या पालिका रुग्णालयात माझी आत्या कामाला आहे आणि कोपऱ्यावरचा मेडिकलवाला बाबांचा दोस्त. येत्या रविवारी मंडळाचं रक्तदान शिबिर आहे. तिथे दिलेलं रक्त तपासतात ना? मग गुपचूप कळेल. घरात माझ्या लग्नाचं बघायला लागलेत. अजून एक गोष्ट. आमच्यातला एक जण मुलांबरोबर जातो असं मला कळलंय. सगळे त्याला ‘बायल्या’ म्हणून चिडवतात. त्यालाही सावध करावंसं वाटतं, पण कसं बोलू? – नाक्यावरचा

उत्तर :

रविवारी रक्त देऊ नकोस. बाकी सगळं त्यानंतर.

दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस, मलेरिया यांसाठी तपासणी होते हे खरं. पण लागण ताजी असेल तर ती तपासणीत दिसेलच असं नाही. विषाणू अंगात शिरल्यापासून तपासणीत पकडता येईपर्यंत जो काळ जातो त्याला विंडो पिरियड म्हणतात, आणि तू अजून त्यात असू शकतोस. एका बाटलीतून लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळ्या काढतात, म्हणजे एक चुकलेली बाटली तीन पेशंटपर्यंत पोचू शकते. शिबिरात भरून घेतात त्या फॉर्मवर जोखमीच्या संबंधांबद्दल प्रश्न असतो, तो त्यासाठीच. अध्यक्ष पाठीवर थाप मारून ‘चल रे, आडवा हो’ म्हणतील, तेव्हा ‘गोळ्या चालू आहेत, डॉक्टर नको म्हणालेत’ एवढं बोल. कुणी चिठ्ठी मागत नाही. अगदीच टेबलापर्यंत ढकललं, तर तिथल्या डॉक्टरला हळूच सांग की माझं रक्त घेऊ नका. कारण सांगायची गरज नाही.

आता तपासणी. सरकारी रुग्णालयांत आयसीटीसी नावाचं समुपदेशन आणि तपासणी केंद्र असतं. तपासणी फुकट होते आणि रहिवासी दाखला लागत नाही, म्हणून आत्याच्या रुग्णालयात जायचं कारणच नाही. लोकलने चार स्टेशनं पुढे जा. १०९७ या मोफत हेल्पलाइनवर फोन केलास तर केंद्राचा पत्ता आणि वेळ सांगतात. सकाळच्या ओपीडीच्या वेळेत पोच. आधी समुपदेशक एकट्याशी बोलतात, संमती घेतात, मग दंडातून थोडं रक्त काढतात. निकाल बहुतेक वेळा त्याच दिवशी, तोही बंद दाराआड. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तुझ्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना निकाल बाहेर फोडता येत नाही.

आज निगेटिव्ह आलं तर बराचसा दिलासा समज, पण तो शेवटचा निकाल नव्हे. त्या संबंधाला तीन महिने झाले की पुन्हा तपासून घे. पहिल्याच खेपेला सिफिलिस आणि दोन्ही काविळींचंही विचार. गुप्तांगाला जखम, फोड, स्राव किंवा जळजळ असेल तर लाजू नकोस, सांग. अशा आजारात एचआयव्ही शिरायला वाट सोपी होते. तुझ्या जिवाला थोडा आराम म्हणून सांगतो: समोरच्या व्यक्तीला लागण असली तरी योनीमार्गाच्या एका संबंधातून पुरुषाला ती होण्याची शक्यता एका टक्क्याच्याही बरीच खाली असते. पॉझिटिव्ह म्हणायच्या आधी तीन वेगवेगळ्या किटवर खात्री करतात. तसं आलंच तर एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरच्या सरकारी उपचार केंद्रात, गोळ्या फुकट मिळतात. त्या नेमाने घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, की शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही.

दुसऱ्याच दिवशी पत्र लिहिलं असतंस तर उत्तर वेगळं असतं. अशा प्रसंगानंतर ७२ तासांच्या आत पीईपीच्या गोळ्या सुरू करून २८ दिवस घेतल्या तर लागण टाळता येते. जितकं लवकर तितकं चांगलं, ७२ तासांनंतर उपयोग नाही. तुझी वेळ गेली. पण कंडोम फाटला तर धावत एआरटी केंद्र किंवा मोठ्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठायची, हे नाक्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक हवं.

आणि आता नाका. मुद्दा फक्त तुझ्या एकट्याच्या चुकीचा नाही. तुम्ही तिघं एकाच बाईकडे गेलात, म्हणजे तुमच्या तिघांची जोखीम एकमेकांत अडकली. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रक्तात विषाणू भरमसाट असतो, आणि माणसाला साध्या तापापलीकडे काही जाणवत नाही. त्याच काळात तो आपल्या मैत्रिणीकडे जातो, दुसरा मित्रही तिच्याच ओळखीतल्या कुणाकडे जातो. जोडीदार एकामागून एक बदलण्यापेक्षा एकाच वेळी दोघांशी संबंध असणं अशा वर्तुळात जास्त घातक ठरतं ते यामुळे. तेव्हा त्या दोघांनीही तपासून घ्यायला हवं. ‘मी जातोय, तुम्हीही चला’ एवढं तरी बोल.

तू कंडोम काढला नाहीस तो दहा-बारा जणांना घाबरून? बहुधा नाही. नाक्यावर आवाज दोघातिघांचा असतो, बाकीचे वेळ मारून नेण्यासाठी हसतात. सगळ्यांना वाटतं, कुणीच वापरत नाही. जो वापरतो तो सांगत नाही. टांझानियातल्या दार-ए-सलाम शहरातल्या तरुणांच्या अशाच कट्ट्यांचा अभ्यास झाला आहे. स्वतः तपासणी करायची की नाही, यावर जवळच्या मित्रांचा प्रभाव तिथेही दिसला.

म्हणून सगळ्यांसमोर भाषण ठोकू नकोस, तोंडावर पडशील. व्हॉट्सअ‍ॅपवर लाल अक्षरांतला मेसेज फॉरवर्ड करणं त्याहून वाईट, त्यावर फक्त मीम येतात. रात्री अडचणीला ज्याला फोन केला जातो, ज्याच्याकडे उसने पैसे मागितले तरी चर्चा होत नाही, असे एक-दोघं निवड. १९९० च्या सुमारास अमेरिकेतल्या छोट्या शहरांत गे बारमधली लोकप्रिय मंडळी हेरून त्यांना असं बोलायला शिकवलं गेलं, तेव्हा असुरक्षित संबंध कमी झाले. पुढे पाच देशांत, आपल्याकडे चेन्नईत, हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाला, पण बोलणारे मित्र असलेल्या आणि नसलेल्या वस्त्यांत फरक दिसला नाही. दोन्हीकडे तपासणी आणि उपचार मिळत होते, सुधारणा दोन्हीकडे झाली. नुसत्या गप्पांवर विसंबू नकोस, असा अर्थ आम्ही घेतो. बोलायचंच तर हाताशी कंडोमचं पाकीट आणि केंद्राचा पत्ता असू दे. दोघं-दोघं मिळून तपासणीला जा, आत जाताना वेगवेगळे.

पाकिटाबद्दल. आयसीटीसीत निरोध फुकट मिळतो, तिथून आण. नाहीतर ज्याच्याकडे बाइक आहे त्याने लांबच्या मेडिकलमधून डबा आणून वाटायचा, म्हणजे बाबांच्या दोस्ताचा प्रश्नच मिटतो. पैशांच्या पाकिटात महिनोन्‌महिने दाबून किंवा बाइकच्या डिकीत उन्हात ठेवलेला कंडोम फाटतो. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलं तर लॅटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं, पाण्यावर किंवा सिलिकॉनवर आधारलेलं जेल चालतं. टोक चिमटीत धरून हवा काढायची, मुळापर्यंत उलगडायचा, बाहेर काढताना बुडाशी धरायचा. एकावर एक दोन घालू नयेत, घासून दोन्ही जातात. तुमच्यातलं कुणी जिममध्ये इंजेक्शन घेत असेल तर तेही विचार. एकाच सिरिंजने तिघांनी टोचून घेतलं तर कंडोमचा काय उपयोग?

त्या मित्राबद्दल. त्याला जाऊन ‘मला तुझं कळलंय’ म्हणू नकोस, आणि दुसऱ्या कुणाला तर मुळीच नाही. आधी ‘बायल्या’वर हसणं थांबव, तेवढं तुझ्या हातात आहे. ज्याची टर उडते तो तपासणीबद्दल नाक्यावर तोंड उघडत नाही, पीईपीचे ७२ तासही गप्प बसून घालवतो. आणि गुदमार्गाच्या संबंधात, विशेषतः घेणाऱ्याला, जोखीम योनीमार्गापेक्षा कितीतरी जास्त असते, म्हणून माहितीची गरज त्यालाच सगळ्यात जास्त. प्रेप नावाची रोजची गोळी आहे, जोखमीच्या आधीपासून घ्यायची. सुरू करण्यापूर्वी एचआयव्ही निगेटिव्ह असल्याची खात्री, कावीळ ब आणि मूत्रपिंडाची तपासणी लागते, नंतर दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची. प्रेपच्या गोळीत दोनच औषधं असतात, आधीच लागण असताना ती घेत राहिलं तर अपुरी पडते आणि विषाणू औषधाला जुमानेनासा होतो, म्हणून मित्राकडून उसनी घ्यायची नाही. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून समलिंगी पुरुषांसाठी काम करतं. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सांगितलं आहे. हे सगळं तू दोघंच चहा पिताना, दुसऱ्याच कुणाचं म्हणून सांगू शकतोस. त्याचं त्याला कळेल.

लग्नाचं. तीन महिन्यांची तारीख मोजून ठेव, ती पार होईपर्यंत मुलगी बघायचे कार्यक्रम पुढे ढकल. ‘पगारवाढ झाल्यावर बघू’ हे कारण घरात चालून जातं. तोवर कुणाशीही संबंध आला तर कंडोमशिवाय नाही. पुढे ठरलं तर लग्नाआधी दोघांनी मिळून तपासणी करूया, असा विषय तूच काढ. तिच्याकडून तो निघायची वाट बघू नकोस.