नियम पाठ आहेत, तरी उत्तर चुकतं: रसायनशास्त्राची प्रश्नोत्तरे

उच्च माध्यमिक पातळीवर रसायनशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे आणि एका पालकांचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: मोलची (कण मोजायच्या एककाची) व्याख्या येते, ॲव्होगॅड्रो संख्या तोंडपाठ आहे. पण दोन अभिकारकांची वजनं दिली की माझं गणित हमखास चुकतं.

तू बहुतेक ग्रॅमचीच तुलना करतेस. अभिक्रियेला ग्रॅमशी देणंघेणं नसतं, तिथे हिशेब कणांचा असतो. १० ग्रॅम हायड्रोजन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन यांपासून पाणी किती तयार होईल? वजनं पाहून हायड्रोजन कमी पडेल असं वाटतं. आता वजनाला रेणूभाराने भागून मोल काढ. हायड्रोजन ५, ऑक्सिजन २. दोन मोल ऑक्सिजनला चार मोल हायड्रोजन लागतो, म्हणजे आधी संपतो तो ऑक्सिजन. पाणी ४ मोल, म्हणजे ७२ ग्रॅम, आणि २ ग्रॅम हायड्रोजन शिल्लक. ७२ आणि २ मिळून ७४, सुरुवातीलाही ७४ च होते. हा ताळा करायला अर्धं मिनिटही लागत नाही, तरी तो करणारे विरळाच. आणि समीकरण संतुलित केल्याशिवाय कॅल्क्युलेटरला हात लावू नकोस.

प्रश्न: ऑरगॅनिक कितीही पाठ केलं तरी आठवड्यात विसरतो. मार्कोव्हनिकॉव्हचा नियम (दुहेरी बंधातल्या ज्या कार्बनवर आधीच जास्त हायड्रोजन, त्यावरच नवा हायड्रोजन बसतो), मग पेरॉक्साइड असेल तर उलटा नियम... हे लक्षात ठेवायचं तरी कसं?

‘उलटा नियम’ असं काही नाहीच. प्रोपीन आणि हायड्रोजन ब्रोमाइड घे. पेरॉक्साइड नसेल तर २-ब्रोमोप्रोपेन मिळतं, असेल तर १-ब्रोमोप्रोपेन. दोन्ही वेळा एकच प्रश्न विचार: आधी कोण जोडलं गेलं?

पेरॉक्साइड नसताना दुहेरी बंधातले इलेक्ट्रॉन आधी हायड्रोजन आयन ओढून घेतात. तो टोकाच्या कार्बनवर बसतो आणि धनप्रभार मधल्या कार्बनवर येतो. मधल्या कार्बनला दोन्ही बाजूंनी कार्बनचा आधार असल्यामुळे तिथे तो जास्त स्थिर असतो. मग ब्रोमाइड तिथेच येऊन बसतं. पेरॉक्साइड असलं की ब्रोमिनचा मुक्त मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेला कण) तयार होतो आणि आधी तोच येतो. तोही टोकालाच बसतो, कारण त्यामुळे एकटा इलेक्ट्रॉन मधल्या कार्बनवर राहतो आणि तीच जागा जास्त स्थिर. हायड्रोजन तिथे नंतर येतो. म्हणजे दोन्हीकडे तर्क एकच, फक्त पाहुण्यांचा क्रम बदलला.

हे कळलं की पुढचा प्रश्नही सुटतो: पेरॉक्साइडचा हा परिणाम हायड्रोजन क्लोराइड किंवा आयोडाइडच्या बाबतीत का दिसत नाही? क्लोराइडमधला बंध इतका बळकट की तो तोडणं जड जातं. आयोडाइडमधला बंध सहज तुटतो, पण आयोडीनचा मूलक दुहेरी बंधाला जोडला जाणं ऊर्जेच्या हिशेबात परवडत नाही.

तेव्हा पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर यंत्रणा, म्हणजे अभिक्रियेच्या पायऱ्या काढ. बाण नेहमी इलेक्ट्रॉन जिथे आहेत तिथून निघतो, जिथे जायचेत तिथे संपतो. पाठांतर पूर्ण टळेल असं मात्र सांगत नाही. कोणता अभिकर्मक काय करतो हे पाठच करावं लागतं, आणि ते रोज थोडं थोडं केलेलं बरं.

प्रश्न: हायड्रोक्लोरिक आम्लाची संहती १० चा उणे ८ वा घात मोलार. सूत्रानं पीएच (आम्लतेचं माप, ७ पेक्षा कमी म्हणजे आम्लधर्मी) ८ येतो, पण उत्तर ६.९८ दिलंय. छपाईची चूक?

छपाई बरोबर आहे. पाण्यात आम्ल घालून ते आम्लारिधर्मी कसं होईल, एवढं मनात आलं असतं तर सूत्र तिथेच थांबलं असतं. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्यातच हायड्रोजन आयनांची संहती १० चा उणे ७ वा घात असते, तुझ्या आम्लाच्या दहापट. ती सोडून कसं चालेल? नुसती बेरीज केलीस तर ६.९६ येईल. पण आम्लामुळे पाण्याचा समतोल थोडा मागे सरकतो, म्हणून वर्गसमीकरण सोडवावं लागतं. त्यातून एकूण संहती १.०५ गुणिले १० चा उणे ७ वा घात मिळते.

प्रश्न: आवर्तात डावीकडून उजवीकडे आयनन ऊर्जा (अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) वाढते, मग नायट्रोजनची ऑक्सिजनपेक्षा जास्त का?

नायट्रोजनच्या तीन २पी कक्षकांत (इलेक्ट्रॉनच्या जागांत) एकेक इलेक्ट्रॉन आहे. ऑक्सिजनच्या एका कक्षकात दोन दाटीवाटीनं बसलेत, त्यांच्या प्रतिकर्षणामुळे एक काढणं सोपं जातं. म्हणून नायट्रोजनची १४०२ आणि ऑक्सिजनची १३१४ किलोज्यूल प्रति मोल.

प्रश्न: मुलगी तासन्‌तास व्हिडिओ पाहते. हा अभ्यास धरायचा का?

पाहून झाल्यावर तेच उदाहरण न पाहता सोडवत असेल तर धरा. नाहीतर नाही.

प्रश्न: पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाच्या टायट्रेशनमध्ये (थेंबाथेंबानं द्रावण सोडून संहती मोजताना) माझी वाचनं जुळत नाहीत. सुरुवातीला गुलाबी रंग जातच नाही.

द्रावण ६० ते ७० अंशांपर्यंत गरम केलंस का? आणि सल्फ्युरिक आम्ल पुरेसं घातलंस का? या दोन्ही गोष्टी करूनही पहिले थेंब रेंगाळतातच. अभिक्रियेत तयार होणारे मँगनीज आयन स्वतःच उत्प्रेरक असतात, ते जमेपर्यंत वेग येत नाही. रंग गेल्याशिवाय पुढचा थेंब सोडू नकोस. नंतर थेंब पडताक्षणी रंग जाऊ लागेल. ३० सेकंद टिकणारा फिकट गुलाबी रंग म्हणजे अंत्यबिंदू.

वाचनं न जुळण्याची कारणं बहुधा ब्युरेटपाशीच (ज्या खुणा केलेल्या काचनळीतून थेंब सोडतो, तिथेच) सापडतात. परमँगनेट गडद असल्यामुळे द्रावणाच्या पृष्ठभागाची खालची वक्रता दिसत नाही, म्हणून सगळी वाचनं वरच्या कडेवर घ्यायची. काही खालच्या, काही वरच्या असं चालणार नाही. तोटीच्या टोकात हवेचा बुडबुडा नाही ना, हे आधी बघ. ब्युरेट भरल्यावर फनेल काढून ठेव, त्यातून एखादा थेंब नंतर टपकतो आणि वाचन बिघडतं. पहिलं वाचन अंदाजापुरतं धर. पुढची ०.१ मिलिलिटरच्या आत जुळली की टायट्रेशन झालं.