दिवाळे जेट्टी ठोकळ्यावर कोरण्याआधी

अगं, बेलापूरच्या दिवाळे जेट्टीचं तुझं स्केच फार जिवंत आहे, पण सगळ्या होड्या छापाच्या लाकडी ठोकळ्यावर घेऊ नकोस. बंदराची गर्दी डोलकाठ्यांच्या दाटीतूनच दिसते. छापात कोरलंस ते पांढरं, ठेवलंस ते काळं. काळा दोर उरवायचा तर दोन्ही बाजू कोराव्या लागतात. काळ्या होडीवर पांढरा दोर एका रेघेत येतो. लाकडावर कोरून चित्रं छापणाऱ्या इंग्रज थॉमस ब्युइकनं (१७५३–१८२८) ही पांढरी रेघच वाढवली.

खोड आडवं कापलेला ठोकळा घे. लांबीत कापलेल्या फळीवर ब्युरिन, म्हणजे कोरायचं टोकदार हत्यार, लाकडाच्या रेषांत अडखळतं. वळणावर हात नको, वाळूच्या उशीवर ठोकळाच फिरव. रेघांत टाल्कम चोळ, कोरलेलं लगेच दिसतं. आणि होडीवरचं नाव उलटं काढ! मी विसरले होते, तीन आठवड्यांचं काम गेलं.