स्वादुपिंडाचा कर्करोग : आधी शस्त्रक्रिया की आधी किरणोपचार?

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय 63 वर्षे आहे. कावीळ झाल्यामुळे केलेल्या सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याकडील भागात गाठ दिसली आणि बायोप्सीत कर्करोग निश्चित झाला. पित्तनलिकेत स्टेंट घातला आहे. गाठ शेजारच्या मोठ्या शिरेला चिकटलेली आहे. एक सर्जन लगेच शस्त्रक्रिया करण्यास सांगतात, तर दुसरे डॉक्टर आधी केमोथेरपी आणि रेडिएशन द्यावे असे म्हणतात. थांबल्यास रोग वाढणार नाही का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : हा रोग समूळ जाण्याची शक्यता शस्त्रक्रियेशिवाय जवळजवळ नसते, त्यामुळे आपली घाई स्वाभाविक आहे. तरीही गाठ काढल्यानंतर कडेला कर्करोगाच्या पेशी उरल्या, तर एवढ्या मोठ्या शस्त्रक्रियेचा लाभ बराच कमी होतो. शिवाय स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी निदानाच्या वेळीच यकृतापर्यंत पोहोचलेल्या असू शकतात. म्हणून निर्णय मुख्यतः गाठ आणि रक्तवाहिन्या यांच्या संबंधावर ठरतो. आतड्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीला गाठीचा स्पर्श नसेल आणि शिरेच्या परिघाचा अर्ध्याहून कमी भागच तिला लागून असेल, शिवाय शिरेचा आकार बिघडलेला नसेल, तर थेट शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. शिरेला याहून अधिक वेढा असेल किंवा धमनीला थोडाही स्पर्श असेल, तर अशा गाठीला सीमारेषेवरची समजतात आणि तेथे आधी औषधोपचार करण्याकडे आज बहुतेक तज्ज्ञांचा कल आहे, माझाही आहे.

रेडिएशनचे स्थान मात्र अजून वादाचे आहे. शस्त्रक्रियेनंतर केमोसह किरणोपचार देण्याची पद्धत 1980 च्या दशकात एका छोट्या अमेरिकी चाचणीमुळे रूढ झाली. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत मात्र त्याचा लाभ न दिसता हानीचीच शक्यता दिसली, आणि लाभ केमोथेरपीचा असल्याचे आढळले. (त्या चाचणीच्या रचनेवर बरीच टीका झाली, हेही खरे.) शस्त्रक्रियेपूर्वीच्या रेडिएशनची बाजू त्याहून भक्कम आहे. नेदरलँड्समधील प्रिओपँक या 246 रुग्णांच्या चाचणीत आधी जेमसिटाबिन हे केमोचे औषध आणि 15 सत्रांचे किरणोपचार घेतलेल्यांपैकी सुमारे 20.5 टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते, तर थेट शस्त्रक्रियेच्या गटात हे प्रमाण 6.5 टक्के होते. पण या लाभात केमोचा वाटा किती आणि किरणांचा किती, हे त्यातून वेगळे काढता येत नाही. फोलफिरिनॉक्स ही अधिक तीव्र केमो आल्यानंतर सीमारेषेवरच्या गाठींवरील एका अमेरिकी चाचणीत, अशा केमोला थोड्या सत्रांत तीव्र मात्रेच्या रेडिएशनची जोड दिलेल्या गटाचा निकाल केवळ केमो घेतलेल्या गटाहून चांगला आला नाही. म्हणून सर्वांनाच रेडिएशन द्यावे असे म्हणता येत नाही. केमोनंतरही गाठ रक्तवाहिनीलगत राहिली असेल, तर कडा स्वच्छ मिळण्यासाठी त्याचा विचार रास्त ठरतो.

थांबल्याने रोग वाढेल का, हा प्रश्न रास्तच आहे. काही रुग्णांत या काळात यकृतात गाठी दिसू लागतात, पण अशांना थेट शस्त्रक्रिया केली असती तरी त्या अल्पावधीतच दिसल्या असत्या. दुसरे असे की, रेडिएशननंतरच्या स्कॅनमध्ये व्रणाची ऊती आणि जिवंत गाठ यांतील फरक नीट कळत नाही. त्यामुळे गाठ लहान झाली नाही एवढ्यावरून शस्त्रक्रिया नाकारू नये. सीए 19-9 या रक्तातील कर्करोगसूचक घटकाची पातळी उतरली आहे का आणि वडिलांची ताकद टिकून आहे का, हेही पाहावे. मात्र ही रक्ततपासणी काविळीत फसवी असते, म्हणून बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारे पित्तद्रव्य) उतरल्यावरचा आकडाच आधार मानावा.

आपण दोन्ही डॉक्टरांना एकत्र आणा, म्हणजे ट्यूमर बोर्डासमोर (वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्रित बैठकीसमोर) स्कॅन ठेवण्याचा आग्रह धरा, आणि ही शस्त्रक्रिया वारंवार होणाऱ्या केंद्रातच करून घ्या. दरम्यान वडिलांचे वजन घटत असेल किंवा शौच तेलकट होत असेल, तर जेवणासोबत पाचकरसांच्या कॅप्सूल सुरू करण्याबद्दल विचारा. थंडी वाजून ताप आला, तर स्टेंट तुंबून जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तेव्हा केमोच्या पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.