घसरणारी फरशी आणि सासूबाई

प्रश्न : शिवाजी पेठेतलं आमचं घर जुनं आहे. बाथरूम ५ बाय ७ फुटांचं. चकचकीत फरशीवर सासूबाई दोनदा घसरल्या. कमी खर्चात टिकाऊ टाइल्स कोणत्या?

उत्तर : ताई, पैसा आधी जमिनीवर घाला. तिथं मॅट (बिनचकाकीची), खरखरीत व्हिट्रिफाइड (भट्टीत भाजून काचेसारखी घट्ट केलेली) टाइल घ्या, १२ बाय १२ इंचांची. ती ०.५ टक्क्यापेक्षा जास्त पाणी पीत नाही, लहान असल्यानं जाळीकडे उतार नीट बसतो आणि सांध्यांमुळे पायाला पकड मिळते. दुकानात टाइलवर पाणी ओतून तिच्यावर अनवाणी उभं राहून बघा. सासूबाईंनाच न्या, त्यांचा पाय खरं सांगेल. भिंतीला साधी सिरॅमिक पुरते.

माझ्या माहेरी गवंड्यानं टाइलखाली फक्त चार कोपऱ्यांत सिमेंटचा माल ठेवला होता. दुसऱ्याच वर्षी बादलीखालची टाइल तडकली, खाली बोटभर पोकळी! म्हणून बसवल्यावर माल सुकला की प्रत्येक टाइल नाण्यानं वाजवा. पोकळ आवाज आला तर लगेच काढायला लावा, भीड धरू नका.

जमिनीच्या सांध्यांत इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचं पक्कं मिश्रण) भरा. महाग असतं, पण तुमची जमीन ३५ चौरस फूटच आहे. टाइल्सच्या सगळ्या खोक्यांवर बॅच नंबर एकच हवा, म्हणजे रंग जुळतो, आणि चार टाइल्स जादा ठेवा. हो, टाइल्स बसवण्याआधी वॉटरप्रूफिंगवर (पाणी झिरपू न देणाऱ्या थरावर) २४ तास पाणी साठवून गळती तपासा.