एनएचएसच्या रांगेतलं नाव काढू नका

तुमचा प्रश्न असा की मिस्टरांचा गुडघा काही महिन्यांपासून दुखतोय, जीपीने (इथल्या फॅमिली डॉक्टरने) ऑर्थोपेडिककडे रेफर केलंय, पण तारीख फार लांबची आहे. ऑफिसचा हेल्थ इन्शुरन्स आहे. प्रायव्हेटला गेलात तर एनएचएसमधला, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेतला, नंबर जाईल का, आणि पुढे ऑपरेशन निघालं तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल का?

नुसतं दाखवून आलात, एमआरआय करून घेतलात, तर नंबर जात नाही. मी इंग्लंडमध्ये एका जीपी प्रॅक्टिसमध्ये मेडिकल सेक्रेटरी आहे. रेफरलची पत्रं रोज माझ्या हातून जातात आणि हाच घोळ आपल्याकडून आलेल्या बऱ्याच घरांत होतो, म्हणून सविस्तर लिहिते. हे इंग्लंडपुरतं, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये नियम वेगळे आहेत.

पुण्यात गुडघा दुखला की आपण थेट हाडांच्या डॉक्टरकडे जातो. इथे एनएचएसमध्ये जीपीशिवाय स्पेशालिस्टपर्यंत सहसा पोचता येत नाही. प्रायव्हेटमध्ये पैसे खिशातून देणार असाल तर बरेच कन्सल्टंट (म्हणजे स्पेशालिस्ट डॉक्टर) पत्राशिवाय बघतात, पण इन्शुरन्स कंपनी बहुतेक वेळा जीपीचं पत्र मागतेच. सांधे आणि स्नायूंच्या तक्रारींसाठी काही कंपन्या थेट आपल्या फिजिओकडे पाठवतात. म्हणून आधी इन्शुरन्सला फोन करा, मग जीपीला. 'ओपन रेफरल' चालेल का, हेही विचारा. त्यात कन्सल्टंटचं नाव नसतं, फक्त विभाग असतो, आणि कंपनी आपल्या यादीतला डॉक्टर सुचवते. लोक आधी आमच्याकडून विशिष्ट डॉक्टरच्या नावाचं पत्र घेतात, तो डॉक्टर कंपनीच्या यादीत नसतो, आणि पुन्हा पत्र मागायला येतात.

त्या पत्रात काय असतं ते माहीत असू द्या. कुठला गुडघा, तक्रार कधीपासून, फिजिओ झाली का, एक्स-रे झाला का, चालू औषधं, ॲलर्जी, जुनी ऑपरेशनं. यातली 'कधीपासून' ही ओळ इन्शुरन्सवाले सगळ्यात बारकाईने वाचतात. तुमची पॉलिसी मोरेटोरियम पद्धतीची असेल, तर ती सुरू होण्याआधीच्या काही वर्षांत (बहुधा पाच) जे दुखणं होतं, ते सुरुवातीला कव्हर होत नाही. मोठ्या कंपन्यांच्या ग्रुप पॉलिसीत पूर्वीचे आजार कधी कधी विचारातच घेत नाहीत. एचआरला नेमकं हेच विचारा. 'पत्रात तारीख थोडी पुढची टाका ना' अशी विनंती आमच्याकडे येते. ते होणार नाही. जीपीच्या नोंदीत जे आहे तेच पत्रात जातं, आणि क्लेमच्या वेळी कंपनी मूळ नोंदी मागवू शकते. बीपी, डायबेटीस यांसारखे कायमचे आजार या पॉलिसीत सहसा बसत नाहीत, ते एनएचएसकडेच राहतात. शिवाय ऑफिसने भरलेल्या हप्त्यावर तुम्हाला टॅक्स लागतो.

आता दोन रांगांचं. एनएचएसमध्ये रेफरलपासून उपचार सुरू होईपर्यंत १८ आठवड्यांचं उद्दिष्ट आहे. ते गेली कित्येक वर्षं पाळलं जात नाही, हे तुम्ही अनुभवताच आहात. समजा, एमआरआयमध्ये कार्टिलेज फाटलेलं निघालं आणि इन्शुरन्सने ऑपरेशनला नकार दिला. मग कन्सल्टंट तुम्हाला एनएचएसकडे पाठवू शकतो, बऱ्याच ठिकाणी परत जीपीकडे न जाता. पण प्रायव्हेट कन्सल्टेशन झालं म्हणून ऑपरेशनच्या यादीत कुणाच्या पुढे जाता येत नाही. तेच कन्सल्टेशन एनएचएसमध्ये झालं असतं तर जिथे नाव लागलं असतं, तिथेच लागतं, डॉक्टर दोन्हीकडे तोच असला तरी. मला हा नियम योग्य वाटतो. ज्याच्याकडे इन्शुरन्स नाही, तो माणूस त्याच यादीत गुडघा धरून बसलेला असतो.

म्हणूनच प्रायव्हेटचे उपचार पक्के ठरेपर्यंत एनएचएसची अपॉइंटमेंट कॅन्सल करू नका, आणि आलेली तारीख चुकवूही नका; न कळवता गैरहजर राहिलात तर नाव जीपीकडे परत येऊ शकतं. मात्र प्रायव्हेटमध्ये ऑपरेशन ठरलं की त्याच दिवशी हॉस्पिटलला फोन करून जागा सोडा. ती दुसऱ्या कुणाला तरी मिळेल.

एक गोष्ट तर फार थोड्या लोकांना माहीत असते. रेफरलच्या वेळी पहिल्या अपॉइंटमेंटसाठी हॉस्पिटल निवडण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि त्या निवडीत एनएचएसशी करार असलेली प्रायव्हेट हॉस्पिटल्सही येतात. खर्च एनएचएसचा, तुमचा एक पेनी नाही. गुडघा आणि खुब्याची कितीतरी ऑपरेशनं अशीच होतात. त्यामुळे इन्शुरन्सला हात लावण्याआधी रिसेप्शनला विचारा, 'जवळपास सगळ्यात कमी वेटिंग कुठे आहे?' रेफरल आधीच गेलं असेल तरी विचारायला हरकत नाही.

औषधांवरून वाद फार होतात. प्रायव्हेट डॉक्टरने लिहिलेलं प्रिस्क्रिप्शन प्रायव्हेटच असतं, फार्मसीत पूर्ण किंमत मोजायची. एनएचएसचं असेल तर २०२४ पासून एका औषधाला ९.९० पौंड. जीपीला योग्य वाटलं तर तो तेच औषध एनएचएसवर लिहून देईल, पण तसं बंधन त्याच्यावर नाही. ज्या औषधांना सतत तपासण्या लागतात, त्यांसाठी कन्सल्टंट आणि जीपी यांच्यात आधी लेखी करार व्हावा लागतो, आणि जीपी नाही म्हणू शकतो. रिसेप्शनवरच्या मुलीवर आवाज चढवून यात काही बदलत नाही. कन्सल्टंटला तिथेच विचारा की हे औषध जीपी पुढे चालू ठेवेल का.

एमआरआयचा रिपोर्ट जीपीला पाठवा असं तिथेच सांगा, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. रिपोर्ट आला तरी इमेज आपोआप एनएचएसच्या सिस्टीममध्ये येत नाहीत, त्या हॉस्पिटलला वेगळ्या मागवाव्या लागतात. ऑपरेशन प्रायव्हेटमध्ये झालं, तर टाके कोण काढणार, फिजिओ किती वेळा आणि कुणाच्या खर्चाने, रात्री ताप आला तर फोन कुणाला, हे सही करण्याआधी विचारून घ्या. बहुतेक प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये कॅज्युअल्टी नसते. पोटरी सुजून दुखायला लागली, तर प्रायव्हेटच्या फोनची वाट बघत बसू नका, लगेच १११ ला (एनएचएसची हेल्पलाइन) फोन करा. सोबत छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर थेट ९९९ (इमर्जन्सीचा नंबर).

सासू-सासरे उन्हाळ्यात येणार आहेत, त्यांचंही याच इन्शुरन्समध्ये होईल का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. नाही होणार. व्हिजिटर व्हिसावर आलेल्यांना जीपीला दाखवणं आणि कॅज्युअल्टीतले उपचार मोफत आहेत, पण तिथून ॲडमिट केलं की एनएचएस खर्चाच्या दीडपट बिल लावतं. भारतातून निघण्याआधीच ट्रॅव्हल इन्शुरन्स काढा, त्यात त्यांचं बीपी आणि शुगर लपवू नका, आणि चालू औषधांची यादी डॉक्टरांच्या लेटरहेडवर इंग्रजीत लिहून घ्या.