फुकटची पॉवर बँक वापरण्याआधी

पहिल्याच व्यापारी प्रदर्शनातून कंपन्यांनी वाटलेल्या फुकटच्या भेटवस्तूंची पिशवी भरून आणलीस म्हणे! छान. आता ती टेबलावर उपडी कर. पेनं, की-चेन, कॅलेंडर यांवर बोलण्यासारखं काही नाही. चाललं तर वापर, नाहीतर वाटून टाक.

पेनड्राइव्ह मात्र थेट ऑफिसच्या मशीनला लावू नकोस, आधी आयटीवाल्यांना दाखव. २०१० साली ऑस्ट्रेलियात चक्क सायबर सुरक्षेच्या परिषदेत आयबीएमने वाटलेल्या पेनड्राइव्हमध्ये मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, निघालं होतं! देणाऱ्याच्या मनात पाप नसलं तरी असं होतं.

पॉवर बँकेवर १०,००० एमएएच (बॅटरीची क्षमता मोजायचं एकक) छापलं असेल तर तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. फोनकडे जाणाऱ्या यूएसबीच्या ५ व्होल्टवर हिशोब केला की ७,४०० उरतात, त्यातूनही थोडे उष्णतेत जातात. म्हणजे एवढी तूट ही फसवणूक नव्हे. पण हातात घेतल्यावर ती खेळण्यासारखी हलकी लागली, तर संशय घे. माझ्याकडची एक सहा महिन्यांत फुगली, कडेचा सांधा उकलला. तेव्हापासून असली वस्तू मी उशाशी चार्जिंगला लावत नाही. फुगलेली दिसली तर टोचू-दाबू नकोस, घरच्या कचऱ्यातही नको, ई-कचऱ्यात दे.

आणि भेटवस्तूवरून व्हेंडर, म्हणजे माल पुरवणारी कंपनी, जोखू नकोस. या वस्तू बहुतेकदा मार्केटिंगवाले घाऊक मागवतात, माल बनवणाऱ्यांनी त्या पाहिलेल्याही नसतात. महागडी वस्तू खास तुझ्याच हातात ठेवली, तर मात्र त्याच दिवशी साहेबांच्या कानावर घाल.