मंत्रमुग्ध कुलूप की मंतरलेलं कुलूप?

प्रश्न असा आहे: मुलांसाठी अद्भुतकथा लिहायची आहे. पुण्यातल्या पेठेत एक जुना वाडा, त्याच्या तळघरात दडवलेला खजिना, आणि जादूच्या बळावर त्याला कुणाला हात लावू न देणारं एक पितळी कुलूप. या कुलपाला 'मंत्रमुग्ध कुलूप' म्हणावं का? आणि त्याचं काम सांगायला 'खजिन्याचा रक्षक' बरं, की दुसरं काही?

'मंत्रमुग्ध' नको. मुग्ध व्हायला मन लागतं. सवाई गंधर्व महोत्सवात श्रोते मंत्रमुग्ध होतात, तंबोरे होत नाहीत. यंत्रानं केलेल्या भाषांतरात हा शब्द हटकून येतो आणि तिथूनच तो कथांमध्ये शिरतो. 'मोहित' आणि 'भारावलेलं' हेही याच कारणानं बाद.

वस्तूवर मंत्र घातला असेल तर मराठीत साधं, जुनं क्रियापद आहे: मंतरणे. अंगारा मंतरतात, दोरा मंतरतात, पाणी आणि उडीद मंतरतात. या सगळ्या हातात मावणाऱ्या वस्तू आहेत, आणि कुणीतरी मुद्दाम, विशिष्ट कामासाठी मंत्र म्हटल्याचं त्यात गृहीत आहे. कुलपाला हे चपखल बसतं. 'मंतरलेली संध्याकाळ' वगैरे प्रयोगांमुळे शब्दाला थोडा हळवा सूर आलाय खरा, पण कुलपाच्या शेजारी तो सूर आपोआप गळून पडतो. 'अभिमंत्रित'चा अर्थ जवळपास तोच, मात्र त्याला पूजेचा वास आहे. अक्षता अभिमंत्रित असतात. चोराचा हात जाळणाऱ्या कुलपाला ते सोवळं शोभत नाही.

'भारलेलं' हा मंतरलेल्याचा थोरला भाऊ. मंतरलेल्यात कुणीतरी मंतरलं ही घटना पुढे असते, भारलेल्यात वस्तूत अजून मुरलेली शक्ती. तळघरात पाऊल टाकताच अंगावर काटा येणार असेल तर तळघर भारलेलं म्हणा आणि कुलूप मंतरलेलं. दोन्ही विशेषणं एकाच वस्तूला लावली तर मात्र दोन्ही पातळ होतात. 'शापित' तेव्हाच वापरा जेव्हा कुलूप स्वतः शिक्षा भोगत असेल, म्हणजे पूर्वी ते माणूस होतं वगैरे. 'झपाटलेलं' म्हटलं की आत भूत आलं. उरलं 'जादुई'. ते चुकीचं नाही, पण मराठी गोष्टीत जादूचा दिवा असतो आणि जादूची अंगठी असते. 'जादुई कुलूप' खेळण्यांच्या जाहिरातीसारखं वाटतं.

शब्द निवडताना पुढचं प्रकरणही डोळ्यांसमोर हवं, कारण बांधणारं क्रियापद ठरलं की सोडवणारंही ठरतं. मंत्र उतरतो (विंचू उतरवतात, तसाच). शापाला उःशाप लागतो. मांत्रिकानं दिशा बांधल्या असतील, तर बंध सुटतो. झपाटलेल्यातलं भूत काढावं लागतं. सुरुवातीला 'शापित कुलूप' लिहून शेवटी 'मंत्र उतरला' असं केलं, तर चांगल्या वाचकाला नेमकं काय खटकलं ते सांगता येणार नाही, पण खटकेल नक्की. उर्दू-हिंदी दास्तानांमध्ये या सगळ्या रचनेला 'तिलिस्म' हा एकच शब्द आहे आणि तो 'तोडतात'. मराठी मुलांना तो समजावून सांगावा लागेल, म्हणून टाळलेला बरा.

आता रक्षक. शब्द बरोबर आहे, पण त्यानं गणवेश घातलाय. सुरक्षारक्षक सोसायटीच्या फाटकावर बसतो. धनाच्या संदर्भात मराठीचा शब्द आहे राखण, आणि राखण करणारा तो राखणदार. कोकणात तर गावाची राखण करणाऱ्या अदृश्य शक्तीलाच राखणदार म्हणतात, त्यामुळे अद्भुताची छटा शब्दात आधीपासूनच आहे. लोकसमजुतीत हे काम नागाकडे असतं, किंवा समंधाकडे, म्हणजे निपुत्रिक मेलेल्या लोभी माणसाच्या भुताकडे. इथे विभक्तीकडे लक्ष द्या: नाग धनाचा नसतो, धनावर असतो. म्हणून 'खजिन्याचा रक्षक असलेलं कुलूप' लिहिण्यापेक्षा 'खजिन्यावर कुलपाची राखण होती' किंवा 'खजिन्यावर कुलूप राखणीला बसवलं होतं' लिहा. 'राखणीचं कुलूप' हे सुटसुटीत नावही त्यातूनच निघतं. शिवाय रक्षक पुल्लिंगी आणि कुलूप नपुंसकलिंगी, हा 'तो की ते'चा घोळही टळतो.

खजिन्याला पर्याय बरेच आहेत, आणि बहुतेक फसवे. 'निधी' आज वर्गणीचा वाटतो. १८७८च्या निखात निधी कायद्यात तो जुन्या अर्थानं टिकून आहे (त्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचं पुरलेलं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, कथेतल्या मुलांना ही अडचण घालून बघा, मजा येईल). 'गुप्तधन' अर्थानं अगदी नेमका, पण बातम्यांमध्ये तो नरबळी आणि भोंदूबाबांच्या संगतीत येतो. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीतही गुप्तधनाच्या शोधासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा उल्लेख आहे. मुलांच्या कथेत जपून. 'घबाड' हा सापडणाऱ्याचा शब्द, ठेवणाऱ्याचा नव्हे. शेवटच्या प्रकरणात एखाद्या पात्राच्या तोंडी झकास बसेल. निवेदनात 'खजिना' ठेवा आणि गावाकडच्या आजीच्या तोंडी नुसतं 'धन'. मात्र 'खजिनदार' कुठेही येऊ देऊ नका, तो गणेश मंडळाचा हिशोब घेऊन उभा राहील.

शेवटी वाक्यरचना. 'तळघरातल्या दडवलेल्या खजिन्याची राखण करणारं मंतरलेलं पितळी कुलूप चमकलं' या वाक्यात क्रियापदापर्यंत पोचेतो मूल झोपतं. तोडा: 'तळघरात खजिना होता. त्याच्यावर राखणीला एक पितळी कुलूप होतं, मंतरलेलं.' विशेषण शेवटी टाकल्यानं ठसका येतो, पण ही लकब पहिल्या ओळखीपुरतीच. पुढे नुसतं 'कुलूप' पुरेल. आणि सामान्यरूप 'कुलपाला', 'कुलपानं' असं होतं, 'कुलूपाला' नव्हे. या कथेत ते पानोपानी लागणार आहे.